कुकी एक्स्चेंजला ५० कुकीज न्यायच्यात? मग आधी हे वाचा

डिसेंबर लागला की ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, यंदा कुकी एक्स्चेंज करूया का, आणि आपण काही विचार न करता अंगठा दाखवून मोकळे होतो. मग आदल्या रात्री साडेअकरा वाजता ओट्यावर मैदा सांडलेला, ओव्हनमधे तिसरा ट्रे, चौथ्यासाठी बटर संपलेलं आणि पहिल्या ट्रेमधल्या कुकीज एकमेकींना चिकटून एकच मोठी पोळी झालेली. माझी ही फजिती दोनदा झालीय त्यामुळे आता जे कळलंय ते लिहून टाकते.

ज्यांना प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर प्रत्येकाने घरून एकाच प्रकारच्या भरपूर कुकीज करून आणायच्या, सगळ्यांच्या टेबलावर मांडायच्या आणि जाताना प्रत्येकाच्या थोड्या थोड्या घेऊन जायच्या. म्हणजे आपण एकच प्रकार केला तरी घरी सात-आठ प्रकार येतात. अमेरिकेत नाताळच्या आधी हे बरंच चालतं आणि आता इतरही ठिकाणी लोक करायला लागलेत.

तर सगळ्यात महत्त्वाचं आधी. एक्स्चेंजची कुकी म्हणजे ओव्हनमधून काढून गरम गरम खायची कुकी नाही. ती तुम्ही दोन दिवस आधी भाजणार, डब्यात भरणार, ती गाडीत हादरे खात जाणार, टेबलावर दोन तास उघडी राहणार, मग दुसऱ्याच्या डब्यात अनोळखी कुकीजच्या शेजारी बसणार आणि खाणारा ती कधीतरी चौथ्या दिवशी चहाबरोबर खाणार. त्यामुळे रेसिपी निवडताना एकच प्रश्न विचारायचा, ही चौथ्या दिवशी कशी लागेल? चॉकलेट चिप कुकी मला जीव की प्राण आहे पण ती खरी पहिल्या तासात, कडा कुरकुरीत आणि मधे चॉकलेट वितळलेलं असतं तेव्हा, चौथ्या दिवशी ती नुसती बरी असते. उलट शॉर्टब्रेड किंवा आल्याच्या कुकीज दोन दिवसांनी आणखी छान लागतात. असल्याच निवडायच्या.

आधी गणित करा

८ जण असतील आणि प्रत्येकाला ६ द्यायच्या ठरल्या असतील तर स्वतःच्या धरून ४८ झाल्या. पण ४८ चं पीठ मळू नका, ५५ चं मळा, कारण एखादी तुटते, एखादी करपते आणि दोन-तीन घरातलेच लोक येता जाता उचलतात. १२ जण झाले आणि प्रत्येकाला डझनभर ठरलं तर १४४ होतात, एवढं करताना नाकी नऊ येतात, तेव्हा यजमानाला सरळ सांगा की बाई सहा-सहाच ठेवू. खरं तर कुणालाच घरी एवढ्या कुकीज नको असतात, पण बोलत कुणी नाही.

वजनकाटा वापरा, हे मी कळकळीने सांगतेय. कपाने मैदा मोजला तर हलक्या हाताने चमच्याने भरलेला कप साधारण १२० ते १२५ ग्रॅम भरतो आणि कप थेट पिशवीत खुपसून दाबून काढला तर तोच १५० च्या वर जातो. एका घाण्याला हे चालून जातं पण तिप्पट प्रमाण घेतलं की चूकही तिप्पट होते आणि मग कुकी कोरडी भुगा का झाली ते कळत नाही. प्रत्येक गोळाही काट्यावर ठेवून करा, निदान पहिले पाच-सहा तरी, मग हाताला अंदाज येतो. सगळ्या एका मापाच्या असल्या की सगळ्या एकाच वेळी भाजल्या जातात, हा खरा फायदा, दिसायला बरं ते वेगळंच.

बटरबद्दल चार शब्द, कारण निम्म्या चुका इथेच होतात

रेसिपीत मऊ बटर लिहिलेलं असतं आणि आपण घाईत ते मायक्रोवेव्हमधे टाकून वितळवतो. मऊ आणि वितळलेलं यात फरक आहे. बोट दाबलं तर खड्डा पडला पाहिजे पण बोट आत घुसता कामा नये आणि बटर चकाकायला नको, म्हणजे साधारण १८ ते २० डिग्री सेल्सिअस. असं बटर साखरेबरोबर फेटलं की साखरेचे कण त्यात बारीक बारीक हवेचे कप्पे करतात आणि कुकी त्यानेच हलकी होते, वितळलेल्या बटरमधे हवा धरून ठेवायला काही नसतंच. घाई असेल तर बटरचे छोटे तुकडे करून पसरून ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत होतं.

आणि पीठ गार करायची पायरी गाळू नका. फ्रिजमधे तासभर ठेवलं की बटर घट्ट होतं, मैदा ओलावा शोषून घेतो आणि कुकी ओव्हनमधे पसरत नाही. वर सांगितलेली पोळी झाली ना, ती याचमुळे, मी म्हटलं काय होतंय एवढं, लगेच भाजूया.

सगळ्यात सोपी आणि भरवशाची: शॉर्टब्रेड

हिचं प्रमाण कागदावर लिहायचीही गरज नाही, १ : २ : ३, साखर, बटर, मैदा, सगळं वजनाने. १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा आणि बटर बिनमिठाचं असेल तर पाव चमचा मीठ. बस्स. अंडं नाही, सोडा नाही, पावडर नाही. यात ६०० ग्रॅम पीठ होतं, १२ ग्रॅमची एक कुकी धरली तर ५० निघतात, म्हणजे ८ जणांचं एक्स्चेंज एका घाण्यात आटोपलं.

बटर आणि साखर एकत्र करा, फार फेटू नका, मिसळलं की पुरे. मैदा चाळून घाला आणि हाताने किंवा उलथन्याने गोळा होईपर्यंतच एकत्र करा, मळत बसू नका कारण मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि कुकी खुसखुशीत व्हायच्या ऐवजी चिवट होते. सुरुवातीला वाटेल हे कोरडंच आहे, गोळा होणारच नाही, दूध घालायचा मोह होईल, घालू नका. दोन मिनिटं दाबत राहा, हाताच्या ऊबेने होतं. मग साधारण ४ सेंटिमीटर जाडीच्या दोन-तीन वळकट्या करा, बटर पेपरमधे गुंडाळा, टोकं टॉफीसारखी पिळा आणि फ्रिजमधे किमान तासभर ठेवा. नंतर धारदार सुरीने ८ मिलिमीटरच्या चकत्या कापा, प्रत्येक कापानंतर वळकटी थोडी फिरवा नाहीतर खालची बाजू चपटी होत जाते. १६५ डिग्रीला १५ ते १८ मिनिटं. कडेला नुसता फिकट सोनेरी रंग यायला हवा, मधे पांढरटच राहते आणि तशीच राहायला हवी.

साधी साखर वापरली तर जरा कुरकुरीत होते, पिठीसाखर घेतली तर तोंडात विरघळते. आणखी नाजूक हवी असेल तर ३०० मधला ५० ग्रॅम मैदा काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला. पण मग ती प्रवासात तुटतेही जास्त, ते बघून ठरवा.

या एका पिठातून चार वेगळ्या दिसणाऱ्या कुकीज होतात हे तिचं मोठं वैशिष्ट्य. लिंबाची किंवा संत्र्याची साल किसून साखरेत चोळा, नुसती पिठात टाकू नका, साखरेत चोळली की सालीतलं तेल बाहेर येतं आणि वास दुप्पट होतो. वळकटी कापायच्या आधी जाड साखरेत घोळवली की कडा चमचमतात. ४० ग्रॅम मैद्याऐवजी कोको घातला तर चॉकलेटची होते, फक्त तिचा रंग बघून भाजली की नाही ते कळत नाही म्हणून आधी एकच भाजून वेळ पक्की करा. भाजून गार झाल्यावर अर्धी वितळलेल्या चॉकलेटमधे बुडवली की लोक विचारतात कुठून आणली.

आणि जॅमवाली करायची असेल तर याच पिठाचे १५ ग्रॅमचे गोळे करा, अंगठ्याने मधे खड्डा करा आणि त्यात जॅम घाला. जॅम घट्ट घ्या आणि अर्ध्या चहाच्या चमच्यापेक्षा जास्त नको, इथे हात आखडताच घ्यायचा. खड्डा काठोकाठ भरला की जॅम उकळून बाहेर येतो आणि ट्रेवर जळतो. खड्डा करताना कडेला भेगा पडल्या तर बोटाने लिंपून टाका. १७० डिग्रीला १४ ते १६ मिनिटं. मात्र ही दोनच दिवस आधी करा, जॅमच्या ओलाव्याने हळूहळू मऊ पडते.

बर्फाच्या गोळ्यांसारख्या कुकीज

या माझ्या सगळ्यात आवडत्या आणि करायला अगदी लहान मुलांचं काम. कुणी यांना स्नोबॉल म्हणतं, कुणी रशियन टी केक, कुणी मेक्सिकन वेडिंग कुकी, आत तेच. २२५ ग्रॅम मऊ बटर, ६० ग्रॅम पिठीसाखर, एक चमचा व्हॅनिला, २५० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि १०० ग्रॅम अक्रोड किंवा बदाम, आधी भाजून मग बारीक चिरलेले. भाजायचा कंटाळा करू नका, कच्च्या अक्रोडाची चव कुकीत भाजली जाईल असं वाटतं पण आत बसून तो वाफवला जातो, भाजला जात नाही. मिक्सरमधे फिरवलात तर थांबून थांबून फिरवा नाहीतर तेल सुटतं.

१५ ग्रॅमचे गोळे, अर्धा तास फ्रिज, मग १७५ डिग्रीला १४ ते १६ मिनिटं, तळ बदामी दिसला की झालं. साधारण ४० होतात. आता खरी गंमत म्हणजे या पिठीसाखरेत दोनदा घोळवायच्या असतात. पहिल्यांदा ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटांनी, कोमट असताना, तेव्हा साखर थोडी वितळून चिकटून बसते आणि दिसायला अगदी वाईट दिसतं, चट्टे पडतात, घाबरू नका. दुसऱ्यांदा पूर्ण गार झाल्यावर, तेव्हा वर पांढरीशुभ्र पावडर बसते. एकदाच घोळवली तर डब्यात जाईपर्यंत निम्मी साखर झडून जाते. आणि काळे कपडे घालून या खाऊ नयेत हेही सांगून ठेवते.

तीन वस्तूंची पीनट बटर कुकी

वेळ अजिबात नसेल तर ही. २५० ग्रॅम पीनट बटर, २०० ग्रॅम साखर, एक अंडं. मैदा नाहीच, त्यामुळे ग्लुटेन चालत नसणाऱ्यांनाही ही देता येते. अर्धा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ घातलं तर आणखी बरं. मिसळायचं, २० ग्रॅमचे गोळे करायचे, काट्याने उभं आडवं दाबायचं आणि १७५ डिग्रीला १० ते १२ मिनिटं. जेमतेम २४ होतात म्हणून एक्स्चेंजसाठी दुप्पट करा.

दोन गोष्टी सांभाळा. ज्या पीनट बटरमधे वर तेल सुटतं ते नीट ढवळून घ्या, वरचं तेलकट तेवढंच घेतलं तर कुकी पसरते. आणि ही ओव्हनमधून काढल्यावर इतकी ठिसूळ असते की उचलली की तुकडे. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, हात लावू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी हा विषय मात्र गंभीर आहे, ग्रुपमधे किंवा कुणाच्या घरात तसं कुणी असेल तर ही कुकी करूच नका, वेगळा डबा वगैरे युक्त्या नकोत.

आल्याची मसालेदार कुकी, जी आधीच करून ठेवायची असते

१५० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम ब्राऊन शुगर, एक अंडं, ८० ग्रॅम मोलॅसिस म्हणजे उसाची काळी काकवीसारखी मळी, ३०० ग्रॅम मैदा, दोन चमचे सोडा, दोन चमचे सुंठ, एक चमचा दालचिनी, पाव चमचा लवंगेची पूड, अर्धा चमचा मीठ. इथे चमचा म्हणजे मोजायचा ५ मिलिलिटरचा, आणि लवंग खरंच पावच चमचा, मी एकदा सढळ हाताने घातली तर सगळ्यांना दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटलं.

सोडा इतका का, तर ब्राऊन शुगर आणि मोलॅसिस दोन्ही आंबट गुणाचे असतात, सोड्याला काम करायला आम्ल लागतं आणि ते इथे मिळतं. सोड्याने रंगही गडद येतो आणि वर त्या छान भेगा पडतात. सोड्याच्या जागी तेवढीच बेकिंग पावडर टाकून चालत नाही, पावडरमधे सोडा थोडाच असतो, सोड्याची ताकद तिच्या तिप्पट-चौपट धरतात.

बटर-साखर फेटा, अंडं आणि मोलॅसिस घाला, मग कोरडं सगळं. पीठ चिकट होतं, दोन तास फ्रिजमधे ठेवा, मग गोळे साखरेत घोळवून ट्रेवर लांब लांब ठेवा, या पसरतात. १७५ डिग्रीला १० ते १२ मिनिटं. मधे अजून मऊच आहे, कच्ची राहिली असं वाटतं तेव्हाच बाहेर काढायची, गरम ट्रेवर ती पुढची पाच मिनिटं आतून भाजत राहते. तुम्हाला बघून पूर्ण झालेली वाटेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर दगड. हे जवळजवळ सगळ्या मऊ कुकीजना लागू आहे.

ही आज केली तर उद्या-परवा जास्त चांगली लागते, मसाले मुरतात. अंडं चालत नसेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला, या कुकीत मसाल्यामुळे जवसाची चव कळत नाही. शॉर्टब्रेडला तर अंडं नसतंच, म्हणून तोच मार्ग मला बरा वाटतो.

ओव्हन नसेल किंवा लावायचाच नसेल तर

एक्स्चेंजला कुकीच हवी असा हट्ट सहसा कुणी करत नाही. चॉकलेट बार्क करा. ४०० ग्रॅम चॉकलेट वितळवायचं, बटर पेपरवर ५ मिलिमीटर जाड पसरायचं, वर भाजलेले बदाम, पिस्ते, सुकवलेली क्रॅनबेरी, थोडं जाडं मीठ टाकायचं आणि गोठलं की वेडेवाकडे तुकडे तोडायचे. वेडेवाकडेच असायचे असल्याने चुकायला जागा नाही.

चुकायला जागा एकाच ठिकाणी आहे ती म्हणजे वितळवताना. पाण्याचा एक थेंब किंवा भांड्याखालची वाफ जरी आत गेली तरी चॉकलेटचा गठ्ठा होतो, मग ते परत पातळ होत नाही, त्यात गरम दूध किंवा क्रीम घालून सॉस करा आणि बार्कसाठी नवीन घ्या. भांडं, चमचा सगळं कोरडं ठक्क हवं. मायक्रोवेव्हमधे करत असाल तर २० सेकंद, ढवळा, परत २० सेकंद, असं.

आणि नुसतं वितळवून गोठवलं तर दोन दिवसांत वर पांढरट डाग येतात, चॉकलेट मऊ राहतं आणि बोटाला लागतं. खराब झालेलं नसतं ते, आतलं कोको बटर नीट जमलेलं नसतं एवढंच. टाळायचं तर टेम्परिंग करा, नाव भारी आहे पण काम साधं. डार्क चॉकलेटचा पाऊण भाग ४५ डिग्रीच्या आसपास वितळवा, बाजूला ठेवलेला पाव भाग बारीक चिरून त्यात घाला आणि ढवळत ढवळत ३१-३२ डिग्रीला येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर ओठाखाली थेंब लावून बघा, किंचित गार लागला की आसपास आलंय. सुरीच्या टोकावर थोडं लावून ठेवा, पाच मिनिटांत चमकदार गोठलं तर जमलं. एवढं नको असेल तर कंपाउंड चॉकलेट घ्या, त्यात कोको बटरऐवजी दुसरं फॅट असतं म्हणून टेम्पर करावं लागत नाही. चव मात्र कंपाउंडचीच, मी दोन्ही केलंय आणि मला फरक कळतो, मुलांना नाही.

ट्रफल्सही सोप्या आहेत, २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यावर १०० ग्रॅम कडक गरम क्रीम ओतायचं, दोन मिनिटं काही करायचं नाही, मग मधून बाहेर हळूहळू ढवळायचं. दोन तास गार करून गोळे वळा, कोकोत घोळवा. तेल सुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळा, परत जुळून येतं. पण क्रीम आहे म्हणजे फ्रिजमधे ठेवायच्या आणि आठवड्याच्या आत संपवायच्या, त्यामुळे एक्स्चेंजच्या टेबलावर तासन्‌तास ठेवायला मला त्या फारशा पटत नाहीत. मार्शमॅलोचे कुरकुरीत चौकोन करणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, शाकाहारी लोकांसाठी तसं आधी सांगा.

सजावटीच्या कुकीजचं काय

तारे, झाडं, त्यावर बारीक नक्षी, फोटोत फार सुंदर दिसतं. पहिल्यांदाच ५० करणार असाल तर माझं मत, नका करू. रॉयल आयसिंग, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर फेटून केलेला लेप, बोटाला कोरडं लागलं तरी आतून ओलं असतं, पूर्ण वाळायला रात्रभर लागतं आणि तेवढ्या वेळात ५० कुकीज घरात कुठे पसरून ठेवायच्या हा प्रश्न असतो, मी पलंगावर ठेवल्या होत्या, पुढचं विचारू नका.

तरी करायच्याच असतील तर वरचंच शॉर्टब्रेडचं पीठ घ्या, फुगवणारं काही नसल्याने आकार बिघडत नाही. दोन कागदांच्या मधे ठेवून ६ मिलिमीटर जाड लाटा, मग फ्रिजमधे ठेवा, मग कापा, म्हणजे वरून मैदा भुरभुरायला लागत नाही आणि कडा स्वच्छ येतात. कापलेले आकार भाजायच्या आधी परत १५ मिनिटं गार करा. आयसिंगला कच्चा अंड्याचा पांढरा भाग वापरण्यापेक्षा मेरिंग पावडर, म्हणजे वाळवलेल्या पांढऱ्या भागाची पूड घ्या, ती सुरक्षित असते. किंवा सरळ १०० ग्रॅम पिठीसाखरेत तीन-चार चहाचे चमचे लिंबाचा रस घालून काट्याने रेघोट्या ओढा. छान दिसतं, पाच मिनिटांत होतं.

मुलं मदतीला असतील तर एक सांगायचंच राहिलं, कच्चं पीठ चाटू देऊ नका. लोकांना वाटतं अंड्यामुळे नको म्हणतात आणि आपलं तर बिनअंड्याचं आहे. पण मैदा कच्चाच असतो, त्यात ई. कोलायसारखे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात.

कधी काय करायचं

सगळं एका दिवसात करायचं नाही. शॉर्टब्रेडच्या वळकट्या आणि आल्याच्या कुकीचे गोळे फ्रीझरमधे दोन-तीन महिनेही आरामात राहतात, तेव्हा दोन आठवडे आधी एखाद्या रविवारी पीठ करून टाका. गोळे आधी ट्रेवर सुटे गोठवा आणि मग पिशवीत भरा, एकदम भरले तर त्यांचा एक दगड होतो. भाजताना गोठलेलेच ट्रेवर ठेवायचे, एक-दोन मिनिटं जास्त लागतात. वळकटी मात्र कापण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा नाहीतर चकतीचे तुकडे पडतात.

भाजायचं दोन दिवस आधी. आणि कुठलाही ट्रे लावण्याआधी एक, फक्त एक कुकी भाजून बघा. ओव्हनची तबकडी १७५ दाखवत असली तरी आत १६० किंवा १९० असू शकतं, साधा ओव्हन थर्मामीटर ठेवला तर हा घोळ कायमचा मिटतो. एकटी कुकी पसरली तर पीठ अजून गार करा, अजिबात पसरली नाही आणि कोरडी झाली तर पुढच्या हाताने थोड्या दाबून मग ट्रेवर ठेवा. ४८ वाया जाण्यापेक्षा एक गेलेली बरी. ट्रे गार झाल्याशिवाय त्यावर पुढचा घाणा मांडू नका, गरम ट्रेवर बटर ओव्हनमधे जायच्या आधीच वितळायला लागतं. दोन ट्रे असतील तर आलटून पालटून वापरा. ट्रेवर घालायचा कागद बेकिंगचाच घ्या, मेणाचा कागद ओव्हनमधे धूर करतो.

भरणं

जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट कुकी डब्यात गेली की वाफ धरते आणि सगळा डबा नरम. जड आणि कडक खाली, नाजूक वर, प्रत्येक थरात बटर पेपर. डब्यात हलायला जागा राहिली तर चुरगळलेला कागद कोंबा, कुकी मोडते ती हलण्याने.

कुरकुरीत आणि मऊ एका डब्यात ठेवायच्या नाहीत, मऊचा ओलावा कुरकुरीतमधे जातो आणि मग दोन्ही धड राहत नाहीत. मऊ कुकीजच्या डब्यात पावाची एक स्लाइस ठेवली तर पाव कडक होतो आणि कुकी मऊ राहते, ही युक्ती खरंच चालते. आणि पेपरमिंटवालं काहीही असेल ते अगदी वेगळ्या डब्यात. एका वर्षी मी पेपरमिंट बार्क आणि स्नोबॉल एकत्र नेले, घरी पोचेपर्यंत स्नोबॉलला टूथपेस्टचा वास.

एक चिठ्ठी लावा, त्यावर कुकीचं नाव, कधी केली आणि आत काय आहे ते, विशेषतः शेंगदाणे, इतर सुकामेवा, अंडं, दूध, मैदा, जिलेटिन, रम वगैरे घातली असेल तर तीही. सगळ्यांना देण्यापुरते छोटे डबे किंवा पिशव्या घरूनच आणायला सांगा नाहीतर शेवटी लोक टिश्यूत गुंडाळून नेतात आणि तुम्ही रात्री जागून केलेली कुकी पर्सच्या तळाशी भुगा होऊन निघते.

घरी आल्यावर मिळालेल्या सगळ्या कुकीज एकाच मोठ्या डब्यात ओतू नका. मऊ वेगळ्या, कुरकुरीत वेगळ्या, जॅमवाल्या आणि क्रीमवाल्या आधी संपवायला. बाकी जास्त वाटल्या तर कागदाचे थर घालून फ्रीझरमधे टाका. आणि शॉर्टब्रेड सादळली असेल तर १५० डिग्रीच्या ओव्हनमधे चार-पाच मिनिटं ठेवून जाळीवर गार करा, परत कुरकुरीत होते, फक्त चॉकलेटमधे बुडवलेली किंवा साखरेत घोळवलेली असेल तर हा प्रयोग नको.